मॉरिसची दुसरी आवळणी

मी, उमैमा रहेमतुल्ला शेख, वय सत्तावीस, व्यवसाय आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या वर्गाला तासिका तत्त्वावर शिकवणे, राहणार मलकापूर, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या समजुतीने लिहीत आहे. लिही असे मला कुणी सांगितलेले नाही. उलट घरातले सगळे नको म्हणत आहेत. माझे डोके ठिकाणावर आहे. मन ठिकाणावर नाही, पण कायद्याला डोके पुरते, असे वकील उत्तमराव यांनी सांगितले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. ते करावे असे माझ्याकडे काही आहे, हे मलाच आत्ता मोजताना कळले.

घरात आम्ही उर्दू बोलतो. मी मराठी शाळेत शिकले, पदवीपर्यंत गेलेली घरातली पहिली मीच, आणि साक्षीदारांनाही मराठीच वाचता येते, म्हणून मराठीत लिहीत आहे.

१. कारण.

माझा धाकटा भाऊ जुनेद याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. अब्बूंना साखरेचा आजार आहे, अम्मीला रक्तदाबाचा, म्हणून डॉक्टरांनी त्या दोघांनाही नाकारले. माझे जुळले. तपासण्या झाल्या, परवानगीच्या समितीसमोर बसून झाले, शस्त्रक्रिया येत्या मंगळवारी छत्रपती संभाजीनगरला ठरली आहे. देणाऱ्याच्या जिवाला धोका फार थोडा असतो, असे डॉक्टर म्हणाले. थोडा म्हणजे नाही असे नव्हे. मी यंत्रे शिकवते, मला हा फरक समजतो.

परंतु या सोमवारपासून जुनेद म्हणतो आहे की तो येणार नाही. त्याचे कारण कलम तीनमध्ये आहे. तो आला नाही तर या मृत्युपत्राची गरज मला पडणार नाही, आणि त्याला काय पडेल ते मला लिहवत नाही.

मूत्रपिंड या मृत्युपत्रात धरलेले नाही. ती मालमत्ता नाही. ते मी जिवंतपणी देत आहे. शस्त्रक्रियेत माझे बरेवाईट झाले तर त्यावरून जुनेदला कुणी एक शब्दही बोलू नये. विशेषतः अब्बूंची बहीण, फुफी. फुफींच्या समाधानासाठी लिहिते की या विषयावर मी स्वतः दोन आलिमांना, म्हणजे धर्माच्या जाणकारांना, विचारले आहे आणि त्यांनी मला अडवलेले नाही.

२. कायदा.

आमच्या कायद्याप्रमाणे मला माझ्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापुरतेच मृत्युपत्र करता येते. बाकीचे अम्मी-अब्बूंचे, त्यांच्या ठरलेल्या हिश्शांनी. अब्बू हयात आहेत म्हणून जुनेद माझा वारस होत नाही, आणि वारस नाही म्हणूनच मी त्याला काही ठेवून जाऊ शकते. हे वाचून मला आधी विचित्र वाटले, नंतर बरे वाटले.

अडचण एवढीच आहे की त्याला द्यायच्या माझ्या जुन्या मोटारगाडीची (कलम चार) किंमत एक तृतीयांशापेक्षा जास्त भरते. जास्तीच्या भागाला वारसांची संमती लागते, आणि ती माझ्या मागे द्यावी लागते. आज दिलेली चालत नाही. मी हे अब्बूंना त्यांच्या गॅरेजमध्ये समजावून सांगितले. ते कार्ब्युरेटर धूत होते. मान वर न करता म्हणाले, "म्हंजे तू असतानी मी हो म्हटलं तं ते खोटं, अन् तू नसतानी म्हटलं तं खरं?"

मी म्हटले, "हो."

"मंग मले हो म्हनाची येळच येऊ नाई."

ते धुतलेला कार्ब्युरेटर पुन्हा धुवायला लागले. माझी विनंती तरी कायम आहे. अब्बू, अम्मी, वेळ आलीच तर हो म्हणा.

३. चिखलीचे स्थळ.

चिखलीच्या एका घरी माझे लग्न ठरत आले होते. मूत्रपिंडाचे कळल्यावर त्यांनी रविवारी निरोप पाठवला. निरोप आणणाऱ्या बाईंनी दारातच सांगितले, "ते म्हणतात, आधीच अर्धी कापलेली सून आणायची, मग जन्मभर दवाखान्याच्या चकरा मारायच्या, हे कोण करेल?" अम्मीने त्यांना चहा दिला. मी असते तर दिला नसता.

त्या घरातून आलेला कपड्यांचा जोडा आणि अत्तराची बाटली कपाटाच्या खालच्या खणात आहे. दोन्ही परत पाठवावी. बाटली मी उघडलेली नाही. या स्थळाबद्दल मला दुःख झाले नाही असे लिहिले तर ते खोटे ठरेल. ते दोन दिवस टिकले. तिसऱ्या दिवशी मी वर्गात व्हॉल्व्ह शिकवत होते आणि तिथे मला त्यांची आठवण आली नाही. माझ्या हिशेबाने तो विषय तेव्हा संपला.

जुनेदच्या हिशेबाने तो सुरू झाला. तो चिडला की उर्दू सोडून गॅरेजच्या वऱ्हाडीवर येतो. सोमवारी तो म्हणाला, "माह्यापायी तुहं लग्न मोडलं, आपा. मले नाई पाह्यजे तुही किडनी. मी डायलिसिसवर हाय तं हाय."

मी म्हटले, "असा माणूस लग्नानंतर कळला असता तर?"

"ते तुहं शिकलेलं बोलनं तुह्या पोट्ट्यांले सांग."

तेव्हापासून तो माझ्याशी गाडीखेरीज बोलत नाही, आणि गाडीबद्दल तर आम्ही वर्षभरापासून बोलत नव्हतो. म्हणजे बोलणे बंदच आहे.

४. गाडी.

माझ्या नावावर एक मॉरिस आहे, सन १९३८ची, चार सिलिंडरची, साइड व्हॉल्व्ह इंजिनाची. ती मलकापूरच्या एका जुन्या कापूस जिनिंगचे मालक अर्जुनराव यांची होती. अब्बूंनी ती तीस वर्षे सांभाळली. मी इंजिनिअर झाले तेव्हा अर्जुनरावांनी कागद माझ्या नावाने करून दिले. "मुलांना विचारलं, ते म्हणतात भंगारात द्या," ते म्हणाले. "तू भंगारात देणार नाहीस. पण झाकूनही ठेवू नको. चालव." ते आता नाहीत. त्यांचा शब्द या मृत्युपत्रात लिहून ठेवणे मी माझे कर्तव्य समजते.

वकीलसाहेबांनी पुढचे कलम काढायला सांगितले. कलमात असले काही लिहीत नसतात, ते कोर्टात टिकत नाही, असे ते म्हणाले. मी त्यांना सांगितले की मला कोर्टात काही टिकवायचे नाही, इंजिन टिकवायचे आहे.

५. जो गाडी घेईल त्याने हे आधी वाचावे.

इंजिन पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण आत घेते आणि पिस्टन ते वर दाबतो. मग ठिणगी पडते. जितके जास्त दाबलेले तितका ठिणगीनंतरचा धक्का जोराचा. त्याच पेट्रोलात जास्त ओढ. आजच्या गाड्या मिश्रण दहावा भाग होईपर्यंत दाबतात. ही मॉरिस साधारण सहावा भाग करते. म्हणून ती पळत नाही. पण तिचा पिस्टन लांब अंतर चालतो, त्यामुळे ती कमी फेऱ्यांत शांतपणे ओढते. बैलगाडीमागून तिसऱ्या गिअरमध्ये न कुरकुरता जाते. हा तिचा दोष नाही, तिची घडण आहे.

कॉम्प्रेशन, म्हणजे हा दाब, कमी झाले तर गाडी थंडीत उठत नाही, चढावर दम सोडते, पेट्रोल खाते. हे सगळ्यांना कळते. जास्त झाले तर आधी सगळे छानच वाटते, आणि फसगत होते ती तिथेच. तिच्या बेअरिंगमध्ये मऊ पांढरा धातू ओतलेला आहे, तो जुन्या धक्क्यांच्या मापाचा आहे. सिलिंडरांवरचे झाकण म्हणजे हेड, त्याखालची पॅकिंगही त्याच मापाची.

आणि सर्वांत महत्त्वाचे. दाब किती आहे यापेक्षा तो चारही सिलिंडरमध्ये सारखा आहे का, हे पाहावे. चारही थोडे कमी असतील तर गाडी वर्षानुवर्षे चालते. दोन ताकदीचे आणि दोन मेलेले असतील तर ताकदीचे दोन मेलेल्या दोघांनाही ओढत राहतात, सगळे इंजिन थरथरते, आणि शेवटी बेअरिंग जाते ते ताकदवानांचेच.

मापायला गेज आहे. गेज नसेल तर प्लग काढून भोकावर अंगठा दाबावा आणि दुसऱ्याने गाडीच्या तोंडाशी लावायचे इंजिनाचे हँडल फिरवावे. अंगठा उडाला पाहिजे. चारही वेळा सारखा उडाला पाहिजे. जुनेद लहानपणी हे इतके करायचा की अम्मी त्याला काळ्या अंगठ्यानिशी जेवायला बसू देत नसे.

६. राजूर घाट.

गेल्या वर्षी जुनेदने ठरवले की मॉरिस लग्नांना द्यायची. मी नको म्हटले. तो म्हणाला, "झाकूनच ठेवाची असन तं दर्ग्यातली चादर आनून टाक तिच्यावर." यावर अब्बूही हसले, आणि मी हरले.

अकोल्याचा एक लग्नाच्या गाड्यांचा धंदा करणारा माणूस आला. त्याची अट एकच होती. नवरदेव आणि चार पाहुणे बसवून गाडी राजूर घाट चढली पाहिजे, कुणाला उतरून ढकलावे लागता कामा नये. मी परीक्षेच्या कामाला बाहेरगावी होते. तेवढ्यात जुनेदने हेड काढून नेले आणि त्याला फेस मारून आणले. म्हणजे हेडचा खालचा पृष्ठभाग तासला. हेड खाली बसले, वरची पोकळी लहान झाली, कॉम्प्रेशन वाढले. ऐंशी पौंड असायचे ते पंच्याण्णवच्या वर गेले.

त्याचे म्हणणे अगदीच चूक नव्हते, हे मी इथे लिहून ठेवते. आजचे पेट्रोल अडतीस सालच्या पेट्रोलपेक्षा जास्त दाब सोसते. जुनेद दहावीत नापास झाला, पण हे त्याला बरोबर माहीत होते. लोखंड मात्र अडतीस सालचेच होते.

मी परत आले त्या दिवशी चाचणी होती. अब्बू पुढे, मागे मी आणि अकोल्याचा माणूस, चालवायला जुनेद. मोताळ्यापर्यंत गाडी अशी आली की अब्बू दोनदा म्हणाले, "वा बे." अकोल्याच्या माणसाने हात बाहेर काढून वारा घेतला. घाटाच्या दुसऱ्या वळणावर टिकटिक सुरू झाली, डब्यात खडे हलवावे तशी. हेड तापले होते आणि मिश्रण ठिणगीची वाट न पाहता पेटत होते.

मी ओरडले, "थांब! उतरव गिअर!"

"एवढं वळन घेऊ दे, आपा."

वळण घेतले आणि फट् असा आवाज झाला. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरमधली पॅकिंग फाटली. त्या दोघांचा दाब एकमेकांत जायला लागला. गाडी थरथरून उभी राहिली. मी उतरून हँडल फिरवले तर ते अर्ध्या फेरीला हवेत फिरवावे तसे हलके फिरले. अब्बू जे बोलले ते लिहीत नाही. मी जे बोलले ते लिहिते, कारण जुनेदला ते पाठ आहे: "तुला यंत्र कळत नाही, फक्त जोर कळतो."

तो कठड्यावर बसला होता. म्हणाला, "तुले मानसापेक्षा गाडी जास्त हाय."

आम्ही तिघे बॉनेटमध्ये डोके घालून उभे होतो. त्याच्याकडे कुणी पाहिले नाही. घरी आल्यावर अम्मीने पाहिले. तो चप्पल काढत होता आणि निघत नव्हती. पाय इतके सुजले होते की पट्टा आत रुतला होता. अम्मीने पट्टा कात्रीने कापला आणि त्याला तसेच रिक्षात बसवून दवाखान्यात नेले. मूत्रपिंडांचे तेव्हा कळले.

ती कापलेली चप्पल अम्मीने ठेवली आहे. ती टाकून द्यावी, ही माझी विनंती.

७. हत्यारे आणि इतर.

कॉम्प्रेशन गेज आणि नट किती जोराने आवळला ते दाखवणारा माझा टॉर्क पाना आयटीआयच्या वर्गाला द्यावा. वर्गात यंदा तीन मुली आहेत. पहिल्या दिवशी एकाने त्यांना विचारले होते, "तुम्ही शिवणाच्या वर्गात जाता जाता चुकल्या का?" पाना त्यांच्या ताब्यात असावा, मागायचा झाला तर मुलांनी त्यांच्याकडे मागावा. कलम दोनमधली विनंती यालाही लागू.

पुस्तके माझी सहकारी योगिनी हिने घ्यावीत. तिने न विचारता नेलेली दोन त्यात आहेतच, तिला वाटते मला माहीत नाही.

स्कूटर, बांगड्या आणि बँकेतले जे असेल ते कायद्याप्रमाणे अम्मी-अब्बूंचे. अब्बूंनी स्कूटर चालवू नये.

दफन मलकापूरलाच. मागे जेवणावळ घालू नये.

८. दुरुस्तीची आजची स्थिती.

तासलेले लोखंड परत येत नाही. हेडमधून जे गेले ते गेले. पण हेड आणि ब्लॉकच्या मध्ये जाडी वाढवता येते. मी तांबटाकडून तांब्याची पट्टी कापून घेतली, पॅकिंगच्या आकाराची, आणि पॅकिंगसोबत बसवली. तासले जवळजवळ तेवढे भरून निघाले. काल गेज लावले. चारही सिलिंडर अठ्ठ्याहत्तर. पूर्वीपेक्षा थोडे कमी, पण चारही सारखे. मी गेज पुन्हा लावले, मग पुन्हा. अब्बू म्हणाले, "आता इंजिनाले झोपू देशील का नाई?"

हेडचे नट मधून बाहेर अशा क्रमाने आवळायचे असतात. ही पहिली आवळणी. मग इंजिन चालू करून तापवायचे, पूर्ण थंड होऊ द्यायचे आणि नट पुन्हा आवळायचे, कारण तापल्यावर पॅकिंग बसते आणि नट सैल पडतात. ही दुसरी. दुसऱ्या आवळणीशिवाय गाडी रस्त्यावर काढली तर पॅकिंग पुन्हा फाटते.

आमच्या गॅरेजचा एक रिवाज आहे, अब्बूंना त्यांच्या उस्तादांकडून आलेला. पहिली आवळणी ज्याच्या हातची, दुसरी त्याने करायची नाही. आपण कुठे चुकलो ते आपल्याच हाताला समजत नाही, म्हणून दुसरा हात लागतो. मी इंजिनिअर होऊन आले तेव्हा पाना मोजून दाखवतो, हाताची काय गरज, असा वाद घातला होता. आता घालत नाही.

पहिली आवळणी मी केली. इंजिन तापवले. ते आता थंड आहे.

९. गाडी कुणाला.

मॉरिस, तिचे हँडल आणि सर्व सुट्या भागांसह, माझा भाऊ जुनेद यास द्यावी. अट घालत नाही. लग्नांना द्यायची असेल तर द्यावी. घाट मात्र दोनच माणसांनिशी चढावा.

दुसरी आवळणी जुनेदने करावी. तोपर्यंत गाडी कुणीही चालू करू नये. मी शस्त्रक्रियेतून वाचले तरी हे कलम लागू आहे.

वकीलसाहेब म्हणाले, की ज्याला द्यायचे तो आपल्या आधी गेला तर कुणाला, हे लिहावे लागते, सगळ्या मृत्युपत्रांत असते. मी दोन वेळा पेन उचलले. या कलमाला पर्याय मी लिहिलेला नाही आणि लिहिणार नाही. त्यामुळे मृत्युपत्र अपुरे ठरत असेल तर ठरो.

१०. सही करण्यापूर्वीची नोंद.

वरचे सगळे लिहून झाल्यावर मी ते जुनेदला वाचायला दिले. तो गॅरेजमध्ये स्टुलावर बसला होता, कालच डायलिसिस झाल्याने थकलेला. त्याने सावकाश वाचले. नवव्या कलमापाशी थांबला.

"दुसरी मीच काऊन? अब्बू हायेत ना."

"हेड बसवताना अब्बूंनी दुसऱ्या बाजूने पाना धरला होता. त्यांचा हात लागला."

"मुद्दाम धराले लावला असन तू."

अब्बू बाहेर टायरजवळ काहीतरी शोधत होते. तिथे काही हरवलेले नव्हते.

"ऑपरेशननंतर पाना कधी उचलता येते?" त्याने विचारले.

"डॉक्टर म्हणाले, निदान तीन महिने जड काही नाही. तुलाही, मलाही."

"म्हंजे तीन महिने हे अशीच उभी राह्यन."

"अशीच."

"अन् कोनी मधातच हँडल मारून चालू केली तं?"

"तर पॅकिंग गेली."

तो उठला. एक प्लग काढला, भोकावर अंगठा ठेवला आणि अब्बूंना हाक मारली. मी म्हटले, चालू करायची नाही. तो म्हणाला, "चालू कोन करून राह्यलं? फिरवा हो अब्बू, हळू." अब्बूंनी फिरवले. अंगठा उडाला. त्याने प्लग लावला, दुसरा काढला. असे चारही केले. प्रत्येक वेळी अब्बू त्याच्या तोंडाकडे पाहत होते.

"सारखेच हायेत," तो म्हणाला. एवढेच.

मग त्याने मॉरिसवर ताडपत्री ओढली, हँडल फडक्यात गुंडाळले आणि घरात गेला. अम्मीने त्याची दवाखान्याची पिशवी भरून दाराशी ठेवलेली आहे, सोमवारपासून ती कुणी उचललेली नाही. त्याने हँडल तिच्यात, टॉवेलाखाली ठेवले.

अम्मी म्हणाली, "दवाखान्यात लोखंड कशाला नेतोस रे?"

तो म्हणाला, "मागं कोनाच्या हाती लागू नाई म्हनून."

सबब कलम ९ मध्ये एवढी दुरुस्ती: गाडीचे हँडल आजपासून जुनेद रहेमतुल्ला शेख याच्या ताब्यात आहे. ते परत आणून देण्याची जबाबदारी त्याची राहील.

वरील मजकूर मी वाचला, मला तो समजला आणि मान्य आहे. एका ठिकाणी शाई पसरली आहे, तिथला शब्द "सारखे" असा वाचावा.

ठिकाण: मलकापूर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

(सही)
उमैमा रहेमतुल्ला शेख

साक्षीदार: उमैमा यांनी आमच्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीत होत्या.

१. (सही) योगिनी देशमुख, मलकापूर. पुस्तकांवर माझा हक्क मी सोडत आहे, दोन सोडून.

२. (सही) धम्मरत्न पुंजाजी इंगळे, गॅरेजशेजारी बॅटरीचे दुकान, मलकापूर. ताडपत्रीवर लक्ष ठेवीन.